रापा नुई : चित्रपुस्तकात मागे पडलेले पान

मुलांच्या चित्रपुस्तकांत ईस्टर बेटाची कथा पुष्कळदा एकाच क्रमाने उलगडते. आधी घनदाट ताडवन, मग अजस्र दगडी पुतळे, मग तोडलेली झाडे आणि अखेरीस उजाड माळावर उपाशी माणसे. कथा सुटसुटीत आहे. तिच्या ओघात १८६२ हे साल मात्र मागे पडते.

बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. चिलीच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ३,५०० किलोमीटर दूर आहे. इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन दर्यावर्दी येथे वसले आणि रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावर त्यांनी 'मोआई' कोरले. हे पुतळे किनाऱ्यापर्यंत 'चालत' गेले, असे बेटावरची परंपरा सांगते. अभ्यासकांनी ही भाबडी समजूत मानली. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ माणसांनी केवळ दोरांच्या साहाय्याने चार टनांहून जड प्रतिकृती डोलवत, उभीच पुढे नेली.

जंगल नष्ट झाले, हे खरेच. परंतु त्यात होड्यांतून आलेल्या उंदरांचाही वाटा होता. ते ताडाची बीजे कुरतडत. ओल टिकावी म्हणून शेतकऱ्यांनी वावरात दगड पसरले आणि रताळी पिकवली. २०२४ मध्ये १५ पूर्वजांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची कोणतीही खूण त्यात आढळली नाही.

ती कोसळली नंतर. १८६२ पासून पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी सुमारे १,५०० माणसे पळवून नेली. राजघराणे गेले, 'रोंगोरोंगो' लिपीचे जाणकारही गेले. जे मोजके परतले, त्यांच्यासोबत देवी आली. १८७७ मध्ये बेटावर उरली अवघी १११ माणसे. आज रोंगोरोंगोचे सुमारे दोन डझन कोरीव लाकडी नमुने शिल्लक आहेत. ते वाचणारा कोणी नाही. या विनाशाचे खापर झाडे तोडणाऱ्या पूर्वजांवर फोडणे सोयीचे असेल, न्याय्य नव्हे.

याच पडत्या काळात, १८६८ मध्ये, 'टोपाझ' या ब्रिटिश युद्धनौकेने एक मोआई उचलून नेला. त्याचे नाव होआ हाकानानाइआ. अर्थ सांगितला जातो 'हरवलेला किंवा चोरलेला मित्र'. २०१८ मध्ये रापा नुईचे प्रतिनिधी त्याला परत मागण्यासाठी लंडनला गेले. तो अजून ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.