पेडल न मारता 200 किलो!

कामावर जायच्या साध्या सायकलवर किती वजन लादता येईल? चला, 1954 च्या व्हिएतनाममध्ये जाऊया.

डोंगरांनी वेढलेल्या दिएन बिएन फूमध्ये फ्रेंच सैन्याचा तळ होता. इतक्या जंगलातून शत्रू रसद आणणारच कशी, असा त्यांचा हिशोब. पण जनरल जिआपकडे ट्रकांच्या जोडीला सुमारे 20 हजार सायकली होत्या. त्यातल्या कितीतरी चक्क फ्रेंच प्यूजो!

लोकांनी त्या हाताने बदलल्या. हँडलला लांब बांबू बांधला, म्हणजे शेजारून चालत वळवता येतं. सीटच्या जागी उभा बांबू, तोल सांभाळायला आणि रेटायला. टायर टिकावा म्हणून कापडाच्या पट्ट्या. मग दोन्ही अंगांना तांदळाची पोती.

अशी एक सायकल 200 किलोच्या पुढे न्यायची, कारण भार चाकांवर. माणसाने फक्त ढकलायचं. आपल्याकडे दोन बाजूंना गॅस सिलिंडर लटकवून सायकल ढकलत नेणारे काका आठवतात ना? तंत्र तेच.

7 मे 1954 ला तळ पडला. जिंकवलं तोफांनी, खंदकांनी, माणसांनी. पण ती माणसं 56 दिवस लढली, ती या सायकलींवरून आलेला भातही खाऊन!