घोड्याच्या नळीतला चुना

मोटारी येण्याआधीच्या लंडनमध्ये कोळशाच्या किंवा बिअरच्या पिंपांच्या गाड्यांसाठी भारी घोडा घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी दात बघे, मग खाली वाकून खुराच्या वर, जिथून केस सुरू होतात तिथे, दोन्ही बाजूंनी अंगठा दाबून पाही. त्या जागी कूर्चेचा एकेक पडदा असतो. पाऊल टेकले की तो बाहेर लवतो, उचलले की जागेवर येतो. अंगठ्याखाली लवचीक लागले तर सौदा पुढे सरके. दगडासारखे टणक लागले तर कूर्चेत चुना भरून तिचे हाड झाले असे समजून किंमत पाडली जाई. इंग्रज याला साइडबोन म्हणत. पुढे 1918 च्या हॉर्स ब्रीडिंग अ‍ॅक्टने पैदाशीच्या घोड्यांना परवाना सक्तीचा केला, तेव्हा परवाना नाकारण्याजोग्या आजारांत साइडबोनही आले.

यातला विनोद कळायला सत्तरएक वर्षे जावी लागली. 1990 च्या दशकात फिनलंडमध्ये मिर्या रुओहोनिएमी आणि सहकाऱ्यांनी फिनहॉर्स जातीच्या घोड्यांच्या खुरांचे एक्स-रे पद्धतशीर तपासले. कूर्चेचे हाड होणे तिथे सर्रास आढळले आणि ते पिढीजात असल्याचेही दिसले, पण लंगडण्याशी त्याचा संबंध फारसा जुळेना. अंगठ्याची परीक्षा खोटी नव्हती. तिच्यावरून कित्येक धडधाकट घोडे मात्र उगाच नापास झाले असणार.

घोड्याच्या पायात क्ष-किरण शिरले ते फार लवकर. राँटगेनचा शोध 1895 च्या नोव्हेंबरमधला, आणि 1896 मध्येच लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातल्या फ्रेडरिक हॉबडे यांनी घोड्याच्या पायाची छायाचित्रे काढली. खूर, त्यातले हाड, नालेचे खिळे असे सगळे कापाकापी न करता काचेवर उमटले. तडा गेलेला असेल तर दिसे, वाढलेले हाड दिसे. दिसत नसे ती खनिजाची गळती. हाडातले साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे खनिज निघून जाईपर्यंत साध्या एक्स-रेवर डोळ्याला फरक जाणवत नाही. तोवर घोडा लंगडायलाही लागलेला असतो.

त्या काळातल्या एका नामांकित रोगाला हा आंधळेपणा चांगलाच फावला. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांचे तोंड दोन्ही बाजूंनी सुजे, दात हलत, चाल आखडे. गिरणीत कोंडा फुकट, म्हणून घोड्यापुढे घमेले भरभरून कोंडाच जाई. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दसपट असतो. रक्तातले कॅल्शियम घसरू लागले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते उपसून काढतात, आणि जबड्याच्या हाडात चुन्याच्या जागी तंतूंचा भरणा होतो. सूज दिसते ती वाढलेल्या हाडाची नव्हे, पोखरलेल्या हाडाची. फिलिपिन्समधल्या घोड्यांवर काम करून किंटनर आणि होल्ट यांनी 1932 मध्ये या दुखण्याचे मूळ खाद्यातल्या फॉस्फरसच्या अतिरेकात दाखवले. 1964 मध्ये क्रूक आणि लोव यांनी ग्रंथींपर्यंतची सगळी साखळी मांडली.

हे सगळे कळत होते, पण मोजायचे कसे? खात्रीचा मार्ग एकच होता: घोडा मेल्यावर हाड काढायचे, त्यातली चरबी काढून ते वाळवायचे, भट्टीत जाळायचे आणि राखेचे वजन करायचे. जिवंत घोड्याच्या मालकाला याचा उपयोग शून्य.

वाट सापडली ती ॲल्युमिनियमच्या तुकड्यात. 1981 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या मीकिम, ऑट आणि सहकाऱ्यांनी पुढच्या पायाच्या नळीच्या हाडातले खनिज एक्स-रेवरूनच अजमावायची पद्धत प्रसिद्ध केली. एका बोटभर पट्टीला पायऱ्या कापायच्या, दर पायरीगणिक धातूची जाडी ठरावीक मिलिमीटरने वाढत जाईल अशा. ही पट्टी घोड्याच्या पायाला समांतर धरून एकाच फिल्मवर दोघांचा एक्स-रे काढायचा. फिल्म धुतल्यावर पायऱ्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत क्रमाने उमटतात. मग हाडाच्या पुढच्या, मागच्या, आतल्या आणि बाहेरच्या भिंतीचा करडेपणा यंत्राने मोजायचा आणि तो कोणत्या पायरीशी जुळतो ते पाहायचे. उत्तर येते ते मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये. किरणांचा जोर कमी-जास्त झाला, फिल्म धुताना चूक झाली, तरी ती दोघांना सारखीच लागते. नंतर आलेल्या महागड्या यंत्रांपुढे हे जुगाडच वाटते. पण घोड्यांच्या तबेल्यात त्याने जेवढी उलथापालथ केली तेवढी फार थोड्या यंत्रांनी केली असेल.

उलथापालथ झाली ती विश्रांतीच्या कल्पनेत. शर्यतीचे शिंगरू साधारण दीड वर्षाचे झाले की कुरणातून तबेल्यात आणायचे, खोलीत बांधायचे, सुरुवातीला हळूहळू फिरवायचे आणि वेग नंतर द्यायचा, ही जुनी शिस्त. ब्रायन नील्सन आणि सहकाऱ्यांनी क्वार्टर हॉर्स जातीची शिंगरे या शिस्तीत असताना ठरावीक अंतराने त्यांचे एक्स-रे घेतले. पहिल्या दोनेक महिन्यांत नळीतले खनिज वाढायच्या ऐवजी घटत होते, आणि नेमके त्याच सुमाराला घोड्याला जोरात पळवायला सुरुवात होत होती. मिशिगनमध्ये वर्षभराच्या अरबी शिंगरांची तुलना झाली. कुरणात मोकळी सोडलेल्यांची हाडे तबेल्यात ठेवलेल्यांपेक्षा भरलेली निघाली. 2004 च्या एका प्रयोगात बंदिस्त शिंगरांना आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला जेमतेम 82 मीटर पळू दिले. एवढ्याशा धावण्यानेही आठ आठवड्यांत हाडाच्या घडणीत फरक पडला. तबेल्यातली काळजी म्हणजे हाडाची उपासमार होती.

पेन्सिल्व्हेनियात डेव्हिड न्यूनामेकर दुसऱ्या बाजूने तिथेच पोहोचत होते. अमेरिकेतल्या तरुण थरोब्रेड घोड्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांची नळी पहिल्या हंगामात पुढून सुजते, दुखते. हाडावर ताणमापक चिकटवून त्यांनी दाखवले की संथ दौड आणि शर्यतीचा वेग यांत हाडावरचा ताण निराळा पडतो. संथ पळवून हाड संथ पळण्यापुरतेच तयार होते. म्हणून लहान अंतराचा वेग सुरुवातीपासूनच थोडा थोडा द्यावा, असे त्यांचे म्हणणे. ‘घोडा कोवळा आहे, जपा’ म्हणणाऱ्या जुन्या ट्रेनरांना हे पचायला जड गेले.

मधल्या काळात इतर साधनेही आली. एमआयटीतले जॉर्ज प्रॅट हाडातून ध्वनिलहर किती वेगाने जाते यावरून हाडाची ताकद अजमावू पाहत होते. 1977 मध्ये बर्नच्या उल्त्शी यांनी किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून घोड्याच्या हाडांचे स्कॅनिंग सुरू केले. त्याने कुठे काही बिनसले ते समजे, चित्र मात्र धूसर.

कॅलिफोर्नियात 1990 पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन होऊ लागले, आणि सू स्टोव्हर यांच्या चमूला प्राणघातक मोडीच्या जागी कितीतरी वेळा आधीचीच, अर्धवट भरलेली भेग सापडू लागली. म्हणजे मोड अचानक नव्हती, आठवडे-महिने शिजत होती. 2018-19 च्या हंगामात सांता अनिता रेसकोर्सवर 30 घोडे दगावले, मार्चमध्ये शर्यती थांबवाव्या लागल्या, आणि त्या वर्षअखेरीस तिथे घोड्याला उभ्यानेच तपासणारे पेट स्कॅनर बसले. यूसी डेव्हिसच्या मॅथ्यू स्प्रिएट यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. गुंगीचे औषध दिलेल्या घोड्याचा घोटा एका कड्यात येतो. घोडा बिचकला तर कडे उघडते आणि तो पाय काढून घेऊ शकतो. तपासणीआधी टोचलेले किरणोत्सारी फ्लोराइड, जिथे नवे खनिज बसते आहे तिथेच हाडाच्या स्फटिकात जाऊन बसते आणि 110 मिनिटांत निम्मे विरते. घोट्यामागची दोन चिमुकली हाडे, ज्यांच्या मोडीने सर्वाधिक घोडे जातात, एक्स-रेवर निर्दोष दिसत असतानाही इथे चमकताना आढळली आहेत. अशा घोड्याला शर्यतीतून काढून कुरणात पाठवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा त्याच कड्यात उभे करून चमक उतरली का ते पाहतात.