वाड्यातलं बिऱ्हाड

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझी पेटी उघडत नाहीये." ही पेटी म्हणजे आजीची पितळी कडीची नव्हे हं, कंटेनर! एका मुक्त स्रोत प्रोग्रॅमवर त्याला काम करता यावं म्हणून मी ती काही वर्षांपूर्वी मांडून दिली होती. ती का उघडेना ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास, कारण या पेटीपायी माझी एक जुनी खंत आहे.

गोष्ट २००६ सालची. घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. एका प्रोग्रॅममध्ये 'दुसऱ्या' हा शब्द नीट उमटत नसे, रफार उडी मारून 'या'च्या डोक्यावर बसायचा. चूक कुठे आहे ते मला सापडलं होतं, दुरुस्ती होती जेमतेम सहा ओळींची. पण ती तपासायची तर अख्खा प्रोग्रॅम घरी बांधायला हवा, आणि त्याला हवी होती एका लायब्ररीची नवी आवृत्ती. मी ती बिनधास्त जुनीच्या जागी बसवली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करते तो काय, डेस्कटॉप गायब! नुसता काळा पडदा. आणि बाबांच्या पेन्शनचा सगळा हिशेब त्याच डिस्कवर. नॉपिक्सच्या सीडीवरून मशीन चालू करून कशाबशा फायली बाहेर काढल्या, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बाबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून हिशेब वहीत लिहायला लागले. ते मला जास्त लागलं. ती दुरुस्ती मी कधीच पाठवली नाही.

माझी अडचण नवी नव्हती, हे पुढे वाचनात आलं. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची एक सोय होती. एखाद्या प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवायचं आणि सांगायचं, बाबा रे, हेच तुझं सगळं जग. बर्कलीच्या बीएसडी युनिक्समध्ये बिल जॉय यांनी ती १८ मार्च १९८२ रोजी घातली. कशासाठी? त्यांचे सहकारी मार्शल कर्क मॅककुसिक यांचा अंदाज असा, की नवी ४.२ आवृत्ती फक्त तिच्याच फायली वापरून बांधता येते का, हे बघण्यासाठी. म्हणजे आज ज्यावर मोठमोठी दुकानं चालतात, त्या कल्पनेच्या मुळाशी बहुधा हीच साधी गरज होती: चालत्या मशीनला धक्का न लावता नवं काही तपासून बघायचं.

घरच्या मंडळींसाठी वाड्याचं उदाहरण देते. वाड्यात चार बिऱ्हाडं, पण आड एकच. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, पाणी मात्र सगळ्यांचं त्याच आडाचं. इथे आड म्हणजे कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कंटेनर म्हणजे असं बिऱ्हाड. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला, आडासकट. सुरक्षित खरा, पण जागा खाणारा.

सीएचरूटची भिंत मात्र कुडाची होती, रूटचे अधिकार असलेला प्रोग्रॅम ती ओलांडून जायचा. २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग काम्प यांचं 'जेल' आलं. आता बिऱ्हाडाला स्वतःचा आयपी पत्ता मिळाला आणि शेजारच्यांचे प्रोग्रॅम दिसेनासे झाले. लिनक्समध्ये २००२पासून 'नेमस्पेस' येऊ लागल्या, म्हणजे एकेक भिंत उभी राहू लागली. पण एकट्यानेच आड उपसला तर? गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली त्यावर काम सुरू केलं. त्यातून आलेले 'सीग्रुप्स' जानेवारी २००८च्या २.६.२४ कर्नेलमध्ये दाखल झाले. कुणी किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा, याची वाटणी झाली.

२००६! मी काळ्या पडद्यासमोर बसले होते, ते हेच वर्ष. आणि खरं सांगायचं तर उपाय तेव्हाही होता. डेबियनची मंडळी 'पीबिल्डर' वापरत. तो दर वेळी कोरं सीएचरूट उघडतो, पॅकेजने जाहीर केलेल्या गोष्टी तेवढ्याच आत नेतो आणि काम झालं की सगळं पुसून टाकतो. एखादी गरज लिहायची राहिली असेल तर बांधणीच अडते, लबाडीला वाव नाही. पण हे जाणकारांना ठाऊक. माझ्यासारख्या उंबऱ्यावरच्या माणसाला कोण सांगणार?

ते मार्च २०१३ मध्ये घडलं. सांता क्लारा इथल्या पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत 'डॉकर' दाखवलं. सुरुवातीला ते लिनक्समधल्या तयार एलएक्ससीच्या भिंतीच वापरत होतं. त्याने रूढ केली ती कृती लिहून ठेवायची पद्धत: डॉकरफाइल. अमुक आवृत्ती घ्या, तमुक लायब्ररी घाला, ही आज्ञा चालवा. दहा-बारा ओळी. आईची आमटी जशी 'अंदाजाने मीठ' सोडून चमच्याच्या मापात कुणी लिहून द्यावी, तसं.

भाच्यासाठी मी अशाच तीन पेट्या मांडल्या होत्या: डेबियन, फेडोरा आणि अल्पाइन. कोड एकाच फोल्डरमध्ये, तोच तिन्ही पेट्यांत दिसणारा, आणि एका आज्ञेत तिन्हीकडे चाचण्या. अल्पाइन मुद्दाम घेतलं, कारण त्यात नेहमीच्या जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते आणि बाकी दोन्हीकडे झाकलेल्या चुका तिथे उघड्या पडतात.

मग पेटी उघडेना का? कृतीत डेबियनची एक जुनी आवृत्ती लिहिली होती. अशा आवृत्त्या कालांतराने नेहमीच्या सर्व्हरवरून हलवून संग्रहात ठेवतात. वाण्याचं दुकान हललं, आमची यादी जुन्याच पत्त्यावर जात होती! पत्ता बदलला आणि पेटी उघडली. भिंत शेजाऱ्यापासून वाचवते, काळापासून नाही. पण कृती लिहिलेली होती म्हणून निदान कुठे अडलंय ते दिसलं. २००६ साली मी काय काय बदललं होतं, ते मलाच आठवत नव्हतं.

रफाराची ती चूक पुढे दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केली. छानच झालं. पण माझ्यासारखे किती जण दारातूनच परत गेले असतील, त्यांची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

फोन ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "मावशी, माझ्याकडून काही मोडलं तर?"

म्हटलं, "मोडू दे. ती पेटी टाकून दे, दुसरी उघड."

बाबांची वही अजून माझ्या कपाटात आहे. असो.