दिनविशेष : १ एप्रिल
इंदुरीची गढी आणि डभईचा रणसंग्राम

१७३१ : गुजरातच्या चौथाई-सरदेशमुखीच्या हक्कांवरून पेटलेला वाद डभईजवळच्या मैदानात निकाली लागला. एका बाजूला पेशवे पहिले बाजीराव, दुसऱ्या बाजूला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. हत्तीवरून लढणारे त्र्यंबकराव गोळी लागून पडले आणि त्यांच्या फौजेचा धीर सुटला.

या बातमीने मावळातले दाभाड्यांचे घर हादरले. त्र्यंबकरावांचे वडील सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी १७२०-२१च्या सुमारास तळेगावजवळ इंदुरी येथे इंद्रायणीकाठी भुईकोट बांधला होता. मुलाच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना दिले. कारभाराची सूत्रे मात्र खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी हाती घेतली. पुढे त्यांनी अहमदाबादच्या मोहिमेचे नेतृत्वही केले.

तळेगाव-चाकण रस्त्याने जाताना हा कोट आजही दिसतो. खाली घडीव दगड, वर विटांचे बांधकाम, भक्कम दरवाजा आणि बुरूज. मागे नदी हाच त्याचा खंदक. आत कडजाई देवीचे मंदिर आहे. सेनापतींची फौज गेली, पण देवीपुढचा दिवा गावाने तेवत ठेवला आहे.