महारोगाच्या सावलीतील इसब : बिरसी परिसरातील बालत्वचारोगाचा इतिहास

गोंदिया शहराजवळचे बिरसी हे गाव आज विमानतळामुळे ओळखले जाते. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली, आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा धानपट्टा भंडारा जिल्ह्यात मोडत होता. या पट्ट्यातील पटकी, देवी आणि हिवताप यांचा इतिहास सरकारी कागदांतून बराचसा उभा करता येतो, परंतु लहान मुलांच्या इसबाचा, म्हणजे त्वचा कोरडी व लाल होऊन सतत खाजवणाऱ्या आणि बरा वाटूनही पुन्हा उलटणाऱ्या विकाराचा, त्यांत मागमूस लागत नाही. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर पोहोचवीत असे आणि मृत्यूचे कारण पटकी, देवी, ताप अशा मोजक्या रकान्यांत बसवले जाई. जो आजार मुलाचा जीव घेत नाही, केवळ घरादाराला रात्रभर जागवतो, त्याला या वहीत जागा असण्याचे कारणच नव्हते.

मोजला गेला तो महारोग, म्हणजे कुष्ठरोग. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मूकबधिर आणि अंध यांच्याबरोबर महारोग्यांचीही शिरगणती होत असे, आणि केवळ पांढरे कोड असलेल्यांना महारोगी म्हणून नोंदवू नये अशी सूचना १९०१ मध्ये प्रगणकांना द्यावी लागली होती. खुद्द सरकारी मोजणीतही चट्ट्याचट्ट्यांत गफलत होण्याची धास्ती असेल, तर मुलाच्या गालावर फिकट डाग दिसताच आईच्या मनात काय येत असेल, हे सांगावयास नको. वस्तुतः इसबाची प्रवृत्ती असलेल्या मुलांच्या गालांवर असे फिकट, किंचित खवल्यांचे डाग अनेकदा उमटतात, आणि त्यांचा महारोगाशी काडीचाही संबंध नसतो.

घरगुती उपचारांची परंपरा मात्र जुनी आहे. चरकसंहितेने खाज व स्राव असलेल्या ‘विचर्चिके’ची गणना अकरा क्षुद्रकुष्ठांत, म्हणजे किरकोळ त्वचाविकारांत, केली असून आयुर्वेदाचे अभ्यासक तिचे इसबाशी साम्य दाखवतात. गावोगाव कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, करंजीचे तेल आणि हळदीचा लेप यांचा वापर होत आला, तर वांगी, अंडी, मासळी असे ‘खाजरे’ पदार्थ मुलाला वर्ज्य केले जात. यांपैकी तेल लावण्याच्या सवयीत तथ्य आहे, कारण इसबात त्वचेचा संरक्षक थर दुबळा असतो व तिच्यातील ओल उडून जाते. पण बेसनाने अंग घासून उरलासुरला स्निग्धपणा काढणे आणि सरसकट पथ्याने मुलाची उपासमार करणे, या दोन गोष्टींनी फायद्यापेक्षा नुकसानच अधिक केले असावे.

पाश्चात्त्य वैद्यकालाही हा विकार उलगडण्यास वेळ लागला. फ्रेंच वैद्य बेनिए यांनी १८९२ मध्ये या खाजेचा दम्याशी व परागज्वराशी असलेला संबंध मांडला, १९३३ मध्ये ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ हे नाव रूढ झाले, आणि त्वचेचा थर बांधून ठेवणाऱ्या ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनातील आनुवंशिक दोष २००६ मध्ये पुढे आला.

विदर्भात त्वचेची पद्धतशीर तपासणी गावापर्यंत नेली ती कुष्ठरोगाच्या कार्यानेच. वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले, १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि चट्ट्यावर स्पर्श जाणवतो की नाही हे पाहण्याची साधी कसोटी कार्यकर्त्यांच्या हाती आली. बधिर चट्टा कुष्ठाचा संशय दाखवतो. इसबाचा चट्टा बधिर नसतो, उलट खाजतो. खरजेशी होणारा घोटाळा याहून अवघड असतो, कारण तीही खाजते. पण ती बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर उठते, रात्री बळावते आणि बहुधा घरातील इतरांनाही धरते. इसब तान्ह्या बाळाच्या गालांवर व डोक्यावर, तर मोठ्या मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत बसतो, आणि तो संसर्गजन्य नसतो.

१९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोनच्या मलमाचा गुण सिद्ध झाला आणि उपचारांचे चित्र पालटले. योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम, वैद्याने सांगितले तेवढे दिवस, आणि कोमट पाण्याच्या थोडक्या आंघोळीनंतर ओल्या अंगावरच लावलेले स्निग्ध मलम, ही आजची मुख्य चिकित्सा आहे. नखे बारीक ठेवणे आणि सुती कपडे वापरणे हा तिचाच भाग. दुर्दैवाने याच औषधाची भारतात बाजारू भेसळ झाली. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांची एकत्र मलमे औषधांच्या दुकानांत चिठ्ठीवाचून विकली जाऊ लागली, आणि ती लहानग्यांच्या चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ पडणे, शिरा दिसू लागणे असे अपाय समोर आले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’ मध्ये घालून वैद्याच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री कायद्याने बंद केली. गोंदियात तोवर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.