शहाजोग ते पासवर्ड : पुण्यातल्या काही चोऱ्यांचा इतिहास

हुंडीवर रक्कम एकदा लिहून भागत नसे. हजार रुपयांची हुंडी असेल तर आधी आकडा, मग अक्षरे आणि शिवाय 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे हजार' अशा धर्तीचा मजकूर. कोणी आकड्यावर एक शून्य चढवले, तर निम्म्याशी त्याचा मेळ बसू नये हा हेतू. हुंडी करणारी पेढी परगावच्या पेढीला स्वतंत्र पत्रही धाडी : अमक्या मितीची, इतक्या रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे, ती पटवावी. हुंडी एका वाटेने जाई, पत्र दुसऱ्या वाटेने. हुंडी हरवलीच तर 'पेठ' म्हणजे तिची दुसरी प्रत निघे, तीही गहाळ झाली तर 'परपेठ'. आणि यांतल्या एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या रद्द. दरबारी पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे, म्हणजे त्याखाली कोणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये.

जुन्या व्यवहाराचे हे कागद वाचताना मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची आठवण होणे साहजिक आहे. तोही दुसऱ्या वाटेने येणारा निरोपच. पण 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' असे सिद्ध करण्याची जी खोड आपल्याकडच्या संशोधनपर लेखांना आहे, तिच्या नादी मला लागायचे नाही. सावकारी व्यवहारातली एकच गोष्ट मला इथे हवी आहे, ती म्हणजे शहाजोग हुंडी.

शहाजोग हुंडीचे पैसे 'शहा'लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. हुंडी घेऊन कोणी अनोळखी इसम पेढीवर आला, तर त्याला एखाद्या पतदार माणसामार्फतच ती वटवावी लागे. पुढे ती चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहाची; रिवाजाप्रमाणे व्याजासह. अक्षर ओळखीचे आहे का, कागद खरा आहे का, हे सगळे तपासले जाईच. पण व्यवस्थेचा खरा भार पेलत होता तो एक ओळखीचा, पत्ता असलेला, नुकसान भरून देऊ शकणारा माणूस. फसवणूक झाल्यावर भुर्दंड कोणाचा, याचे उत्तर फसवणूक होण्याआधीच ठरलेले असे. गेल्या वीस वर्षांत पुण्यात पासवर्ड आणि आभासी पैसा यांच्या ज्या चोऱ्या गाजल्या, त्यांच्याकडे मी हाच एक प्रश्न हाती धरून पाहतो आहे.

'परवलीचा शब्द' हा पहाऱ्यावरचा शब्द. संगणकात तो आला १९६०च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. एकच संगणक अनेक जण वापरत होते, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्डची सोय केली. १९६२ साली ॲलन शेर या तिथल्याच संशोधकाने, संगणकावर जास्त वेळ मिळावा एवढ्यासाठी, पासवर्डची सबंध फाइल छापून घेतली. पासवर्डची पहिली नोंदलेली चोरी ही अशी घरातलीच. तिने शिकवलेला धडा संगणकशास्त्राने पुढे गिरवला : पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही, त्याचा गणिती लगदा करून तो साठवायचा. लगद्यावरून मूळ शब्द काढता येत नाही. आपण टाकलेल्या शब्दाचा पुन्हा लगदा करून दोन्ही जुळतात का एवढेच पाहायचे. नीट चालवलेल्या बँकेच्या संगणकालाही आपला पासवर्ड ठाऊक नसतो. म्हणूनच जो फोन करून 'बँकेतून बोलतोय, पासवर्ड सांगा' म्हणतो तो बँकेतला नसतो, हे ओळखायला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

पण पुण्यातल्या पहिल्या गाजलेल्या प्रकरणात बोलणारा खरोखरच बँकेच्या वतीने बोलत होता. एप्रिल २००५ मध्ये एम्फसिस कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे फोन इथे घेतले जात. त्यांतल्या काही ग्राहकांशी गोड बोलून यांनी त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खोट्या नावांच्या खात्यांवर वळवले. कुठलीही संगणकप्रणाली फोडली गेली नव्हती. केंद्रात येता-जाता झडती होत असे, कागदावर आकडे टिपून नेणे अवघड. तेव्हा पोरांनी ते पाठ करून बाहेर नेले असावेत असे त्या वेळी मानले गेले. पाढे पाठ करवून घेणाऱ्या आपल्या शिक्षणपद्धतीचा हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

त्या वेळी 'आउटसोर्सिंग'ची चर्चा जोरात होती, म्हणून परदेशी वर्तमानपत्रांनी भारतात माहिती सुरक्षित नाही असा गलका केला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कायद्यात घडले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा होता. २००८ साली दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. तिच्या कलम ६६-सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. कलम ४३-अ ने संवेदनशील माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे, तिच्यात पहिलाच शब्द 'पासवर्ड' आहे. बँक खाते, आजारपण, बोटांचे ठसे हे सारे त्याच्या खाली.

मग पुण्यातल्या एका उद्योजकाने फसव्या ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या त्याच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून या तक्रारीचा निकाल दिला : बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी. तक्रारदाराने ई-मेलला उत्तर देऊन दार स्वतः उघडले, म्हणून नुकसानीचा काही वाटा त्याचा. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती भामट्यांची खाती पुरेशी शहानिशा न करता उघडली गेली, तो दोष बँकेचा. मला हा निकाल शहाजोगाच्या रिवाजाचा आधुनिक वंशज वाटतो. पैसे घेणाऱ्याची ओळख कोणी पटवली, हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी आला. एरवी सगळा उपदेश पैसे गमावणाऱ्याला असतो : पासवर्ड लांब ठेवा, एकच सगळीकडे वापरू नका, कोणाला सांगू नका. उपदेश बरोबरच आहे. पण चोरीचा पैसा शेवटी कुठल्या तरी खात्यातच उतरतो आणि ते खाते कोणी तरी कागद पाहून उघडून दिलेले असते.

जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही वाटणी परिपत्रकाने पक्की केली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. चूक तिसऱ्याच कुठे झाली असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही नाही. ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. पैसे गेल्याचे कळताच आधी बँकेला आणि १९३० या क्रमांकावर फोन करायचा, मग घरच्यांना सांगायचे, हा क्रम त्यामुळेच महत्त्वाचा. लाजेपोटी लोक नेमके उलटे करतात.

या परिपत्रकाला तेरा महिने होत असताना कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. १९०६ साली, स्वदेशीच्या लाटेत निघालेली ही पुण्याची सहकारी बँक. तिचे मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारी तीन ते रात्री दहा या वेळात २८ देशांतल्या एटीएमवर माणसे उभी राहिली आणि बनावट कार्डे घालून त्यांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले. बारा हजारांवर व्यवहार झाले. भारतातच २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली गेली. असा हल्ला येतो आहे असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी तिथल्या बँकांना दिला होता. मात्र कोणत्या बँकेवर, हे त्यात नव्हते.

हे झाले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा व्हिसा किंवा रुपे या जाळ्यामार्फत बँकेच्या 'स्विच'कडे येते. स्विच म्हणजे देवडीवरचा कारकून : तो आत जाऊन खातेवही पाहतो, शिल्लक आहे ना, पिन बरोबर आहे ना हे विचारतो आणि बाहेर येऊन हो किंवा नाही सांगतो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली सोडून या कारकुनाच्या जागी तोतया उभा केला. तोतया आत जातच नव्हता. येईल त्याला 'हो' म्हणत होता. पेशवाईत सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने काही काळ भल्याभल्यांना झुलवले, तो निदान एकटा माणूस होता. हा तोतया सात तास बारा हजार वेळा 'हो' म्हणाला.

मूळ खातेवह्यांना हात न लागल्याने कोणाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही. भुर्दंड बँकेचा. ज्या ग्राहकाने जन्मतारखेचा पिन ठेवला होता आणि ज्याने अतिशय अवघड पिन ठेवला होता, त्या दोघांत त्या शनिवारी काही फरक उरला नाही. पासवर्डवरच्या उपदेशाला असलेली ही मर्यादा फारशी सांगितली जात नाही. राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने मार्च २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली. ती प्रामुख्याने बनावट कार्डे घेऊन इथल्या एटीएमवर गेलेली माणसे होती.

त्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, पुणे पोलिसांनी 'गेनबिटकॉइन' योजनेच्या सूत्रधाराला पकडले होते. दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले होते. बिटकॉइन गुंतवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइनमध्येच परत घ्या, अशी ती योजना. दहा टक्क्यांच्या गोष्टीला आपल्याकडे दर पिढीत नवे नाव मिळते, त्यावर इथे शब्द खर्चत नाही. मला रस आहे तो पुढच्या भागात.

बिटकॉइनची वही सर्वांना उघडी असते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, कधी आली, कुठे गेली, हे जगातला कोणीही पाहू शकतो. तो पत्ता कोणाचा, हे मात्र वहीत नसते. सावकाराच्या पेढीवर बरोबर उलटे होते, वही बंद आणि धनी उघड. बिटकॉइनमध्ये ज्याच्याकडे गुप्त किल्ली तो धनी. ती बहुधा बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपाने कागदावर उतरवून ठेवतात. कागद हरवला तर पेठ नाही, परपेठ नाही. कोणी ते शब्द पाहून नाणी पळवली तर व्यवहार मागे घेता येत नाही आणि भरपाई मागायला शहा नाही. ज्याला पोलीस कोठडीत घालतात त्याच्या डोक्यातली किल्ली मात्र मोकळीच राहते.

तपासातल्या पोलिसांपुढे ही अडचण आली तेव्हा तांत्रिक मदतीला दोन सायबरतज्ज्ञ घेतले गेले. त्यांतला एक भारतीय पोलीस सेवेतून बाहेर पडलेला अधिकारी होता. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोघांनाच अटक केली. आरोप असा की, तपासासाठी आरोपींच्या वॉलेटपर्यंत पोहोचल्यावर त्यांनी त्यातले आभासी चलन स्वतःकडे वळवले आणि पोलिसांना दिलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करून शिल्लक कमी दाखवली. मुख्य सूत्रधार त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. मार्चमध्येच सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भावाला वॉलेटचे नाव आणि पासवर्ड तपासयंत्रणेला सांगण्याचा आदेश दिला. पासवर्ड कोणाला सांगू नये हे आपण ऐकत आलो. तो सांगावा म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला फर्मावावे लागले.

जप्त केलेले सोने पंचांसमक्ष वजन होते, पुडीवर लाख लागते, मुद्देमालाच्या नोंदवहीत नोंद होते. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात. बिटकॉइनमध्येही तशी सोय पूर्वीपासून आहे : एखाद्या पत्त्याला तीन किल्ल्या ठेवायच्या आणि तीनपैकी दोन एकत्र आल्याशिवाय नाणे हलू द्यायचे नाही. एक किल्ली तपास अधिकाऱ्याकडे, एक न्यायालयाकडे, एक कोषागारात, अशी वाटणी करता येते. शिवाय वही उघडी असल्याने पंचनाम्यात स्क्रीनशॉट चिकटवण्याऐवजी पत्ता लिहिला, तर न्यायाधीशाला स्वतः शिल्लक पाहता येते. शहाच्या सहीची जागा भरून काढणारी याहून साधी रीत मला दिसत नाही.

गेनबिटकॉइनचे देशभरातले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ च्या अखेरीस सीबीआयकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या आणि लॅपटॉप, मोबाइल यांबरोबर आभासी चलन ठेवण्याची छोटी उपकरणेही जप्त केली.