दुष्काळी काम आणि हक्काची कल्पना : अहमदनगर जिल्ह्यातील लोकधारणेचा विचार

सामाजिक सुरक्षेचा इतिहास लिहिताना पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील विमा व निवृत्तिवेतन यांचीच उदाहरणे बहुधा पुढे केली जातात. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात मात्र या कल्पनेचे मूळ कारखान्यात नसून दुष्काळी कामावर आहे. या दृष्टीने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा अभ्यसनीय होय. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग वगळल्यास जिल्ह्याचा बराचसा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत अवर्षण हा वारंवार येणारा अनुभव आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम मदतीचे काम म्हणून काढण्यात आले आणि १८७८ मध्ये हा मार्ग खुला झाला. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी उतरविण्यात आली. पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ रक्कम एवढाच तिचा हिशेब होता. तेव्हा मुंबई इलाख्यातील दुष्काळग्रस्त जिल्ह्यांत अनेक मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ही घटना लोकधारणेच्या दृष्टीने बोलकी आहे. भिक्षा घेणारा भिक्षेच्या मापावरून भांडत नाही; मजूर भांडतो. उपासमार समोर दिसत असता काम सोडणाऱ्या लोकांनी त्या पैशास दान मानले नव्हते, श्रमाचे मोल मानले होते. अर्थात, यावरून त्यांच्या ठायी हक्काची पूर्ण जाणीव होती, असे म्हणता येणार नाही. सरकारला मायबाप मानण्याची वृत्ती त्याच काळी प्रबळ होती.

सरकारला मात्र या जाणिवेच्या परिणामाची पुरती कल्पना होती. दुष्काळात गरिबांस मदत मागण्याचा हक्क आहे असे एकदा मान्य केले, तर पुढे तो सर्वकाळचा हक्क होऊन बसेल, अशी भीती १८८० च्या दुष्काळ आयोगाने व्यक्त केली. कष्टाचे काम व अल्प मजुरी या कसोट्यांमागे हीच भीती होती.

ही भीती शंभर वर्षांनी खरी ठरली, पण लोकशाही मार्गाने. १९७२-७३ च्या अवर्षणात राज्यातील मदतकार्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडण्याच्या कामावर भूमिहीनांबरोबर जमीनदार कुटुंबांतील स्त्री-पुरुषही आले. संकट सर्वांचे झाल्यावर कामावर जाण्यातील कमीपणाची भावना ओसरली. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवामुळे राज्यभर रुजली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम अथवा बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर पडले. त्यासाठी शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेण्यात आला. आयोगाने टाळलेला सर्वकाळचा हक्क येथे कायद्याचे कलम झाला.

तथापि लोकमत एकमुखी नव्हते. मजूर महाग झाल्याची बागायतदारांची तक्रार राज्यात सर्वत्र ऐकू येई. प्रवरेच्या कालव्यांखालील ऊसक्षेत्र आणि दक्षिणेकडील जिरायत तालुके एकाच जिल्ह्यात असल्यामुळे येथे मजूर ठेवणारा व काम मागणारा हे दोन्ही पक्ष शेजारीशेजारी नांदतात. रस्ता वाहून जातो, खडी पडून राहते, हा आक्षेपही रास्त होता. हिवरे बाजारसारख्या गावांनी त्यास उत्तर दिले. मृदसंधारण व जलसंधारणाच्या कामांत मजुरीबरोबर गावाची कायमची मत्ताही निर्माण होते, हे तेथे दिसून आले.

परंतु श्रमावर उभारलेल्या या हक्काची मर्यादाही श्रमातच आहे. ज्याच्या अंगी कुदळ उचलण्याचे बळ नाही, तो वृद्ध, अपंग वा एकाकी मनुष्य हजेरीपटावर येत नाही. त्याच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. पण तिच्या नावातील ‘निराधार’ व ‘अनुदान’ हे दोन्ही शब्द दयेच्या परंपरेतील आहेत. काम मागणारा हक्कदार आणि काम करू न शकणारा निराधार, असा भेद यातून कायम राहिला. १८७७ चा मजूर ज्या मानाने मजुरीसाठी भांडला, तो मान श्रम न करू शकणाऱ्यास समाज देईल काय, हा प्रश्न या इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे.